टेंडन जोडता येणार नाही म्हणतात, मग खांद्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. वडील ६४ वर्षांचे. उजवा खांदा दोनेक वर्षं अधूनमधून दुखायचा. आठ महिन्यांपूर्वी पायरीवरून घसरून त्याच हातावर पडले, तेव्हापासून हात नीट वर जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस (वरचा) आणि इन्फ्रास्पायनेटस (मागचा) हे दोन्ही टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, पूर्ण तुटून खोबणीपर्यंत मागे गेलेत, स्नायूंत चरबी भरली आहे आणि शेवटी लिहिलंय ‘दुरुस्त न होणारी फाट’. एका सर्जनने सांधा बदलायला सांगितला, दुसऱ्याने बलून बसवू म्हटलं, तिसरा म्हणाला ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, व्यायाम करा. यातलं कोणाचं ऐकायचं?

मी वीसेक वर्षं मुख्यतः खांद्याच्याच शस्त्रक्रिया करते आहे. तीन मतं घेऊन गोंधळलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा तिघंही डॉक्टर आपापल्या जागी ठीकच असतात. एकाला तपासताना हात खांद्याच्या वर गेलेला दिसला नाही, दुसऱ्याचं लक्ष दुखण्याकडे गेलं, तिसऱ्याने रोजची कामं विचारली असतील. रिपोर्ट फक्त टेंडनबद्दल बोलतो. तुमच्या वडिलांना नेमकं काय जमत नाही, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ऑपरेशन ठरतं ते त्यावरूनच.

‘जोडता येत नाही’ म्हणजे काय, ते आधी बघू. खांद्याची खोबण उथळ बशीसारखी असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा बराच मोठा. हा गोळा बशीच्या मध्यावर धरून ठेवायचं काम चार स्नायूंचं. त्यांचे टेंडन मिळून गोळ्याभोवती टोपीसारखं आवरण तयार होतं, तोच रोटेटर कफ. बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो खरा, पण कफ नसेल तर तो गोळ्याला वर, सांध्यावर छतासारखं असलेल्या हाडाकडे (पुढे त्यालाच छताचं हाड म्हणते) खेचत नेतो. टेंडन तुटला की त्याच्यामागचा स्नायू बिनकामाचा होतो, आखडतो आणि हळूहळू त्याच्या तंतूंच्या जागी चरबी येते. फ्रेंच डॉक्टर गुतालिये यांनी १९९४ मध्ये या चरबीच्या ० ते ४ अशा पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. तिसऱ्या पायरीला चरबी आणि स्नायू निम्मे-निम्मे असतात, चौथीला चरबीच जास्त. तिथवर पोचलेला स्नायू टेंडन शिवल्याने मागे येत नाही. दोरी बांधून दिली तरी तिला ओढणाराच उरलेला नसतो.

साध्या एक्स-रेतही बरंच कळतं. गोळा आणि वरच्या छतामधलं अंतर ७ मिलिमीटरपेक्षा कमी झालं असेल, तर फाट जुनी आणि मोठी आहे असं धरायला हरकत नाही. बऱ्याच घरचे लोक एमआरआयची जाडजूड फाइल घेऊन येतात आणि एक्स-रे काढलेलाच नसतो. तो आधी काढून घ्या.

तरीही रिपोर्टमधला तो शब्द अंदाजच असतो. दुर्बिणीतून आत गेल्यावर, चिकटलेल्या ऊती मोकळ्या केल्यावर टेंडन किती पुढे येतो हे टेबलावरच कळतं. तुमच्या बाबतीत मला खटकतं ते पडणं. दोन वर्षं दुखत होतं म्हणजे जुनी फाट होतीच, पण पडल्यावर हात एकदम कमजोर झाला असेल तर जुन्या फाटीत नवी भर पडली असण्याची शक्यता आहे. विशेषतः पुढचा सबस्कॅप्युलरिस हा टेंडन. त्याबद्दल रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते तुम्ही सांगितलेलं नाही. तो अलीकडे तुटला असेल आणि त्याचा स्नायू अजून चांगला असेल, तर तेवढा भाग जोडण्यासारखा असू शकतो, आणि त्यात महिने वाया घालवणं परवडत नाही. म्हणून चारही स्नायूंची चरबी वेगवेगळी कोणत्या पायरीची आहे, हे स्पष्ट विचारा.

आता वडिलांकडे वळू. मी तपासताना सगळ्यात आधी एक गोष्ट बघते: हात वर जात नाही तो दुखतो म्हणून, की ताकदच नाही म्हणून? नुसतं बघून हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. मी छताच्या हाडाखाली भूल देणारं औषध टोचते, दहा मिनिटं थांबते आणि पुन्हा हात वर करायला सांगते. काही जणांचा कमरेपाशी अडकलेला हात सरळ कानापर्यंत जातो आणि ते स्वतःच थक्क होतात. अशा माणसाला सांधा बदलायची घाई करायची नसते, त्याचं दुखणं कमी करायचं असतं. औषध टोचूनही हात खांद्याच्या रेषेपर्यंत येत नाही, पण दुसऱ्याने धरून उचलला तर आरामात वर जातो, अशा खांद्याचा विचार वेगळा.

दुसरी गोष्ट दिशेची. वडील जेवताना बघा. घास तोंडाशी नेताना कोपर खांद्याएवढं वर उचलावं लागतं का? कोपर अंगाशी टेकवून हात बाहेरच्या बाजूला नेऊन ठेवला आणि सोडला, तर तो आपोआप आत, पोटाकडे येतो का? तसं होत असेल तर मागचे स्नायू, म्हणजे हात बाहेर फिरवणारे, गेलेले आहेत. तळवा पोटावर दाबताना कोपर मागे पडत असेल तर पुढचा सबस्कॅप्युलरिस संशयास्पद. हात वर न जाणं लोकांना लगेच दिसतं, हात बाहेर न फिरणं कोणी बोलून दाखवत नाही. पण दार उघडताना, केस विंचरताना, घास घेताना तीच अडचण जास्त जाचते.

तिसरी गोष्ट सांध्याच्या कूर्चेची अवस्था. कफ नसलेला गोळा वर घासून घासून सांधा झिजतो. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स नीर यांनी १९८३ मध्ये या झिजेचं सविस्तर वर्णन करून तिला स्वतंत्र नाव दिलं. ती सुरू झाली असेल तर पुढचे निम्मे पर्याय तिथेच गळतात. चौथी गोष्ट डेल्टॉइड आणि त्याची नस शाबूत आहे ना, ही. त्याच्यावाचून काहीच चालत नाही.

तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला तुम्हाला टोलवाटोलवी वाटला असेल, पण तो तसा नाही. पुढचा आणि मागचा टेंडन गोळ्याला दोन्ही बाजूंनी ताणून धरत असतील, तर वरचा टेंडन नसतानाही खांदा चालतो. खांब उभा ठेवायला समोरासमोरचे दोन दोर पुरतात, तसंच. याच तोलाच्या जोरावर मोठी फाट असलेली कितीतरी माणसं स्वतःला काही झालंय हे न कळताच आयुष्य काढतात. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी काही वयस्कर रुग्णांना डेल्टॉइडच्या पुढच्या भागाचा व्यायाम शिकवला, आणि जेमतेम हात उचलणाऱ्यांचा हात डोक्याच्या वर जाऊ लागल्याचं नोंदवलं. अभ्यास छोटा होता, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

हा व्यायाम खांद्याला रबरी पट्टा ओढायला लावणारा नव्हे. उताणं झोपायचं, दुसऱ्या हाताची मदत घेऊन दुखरा हात खोलीच्या छताकडे उभा करायचा आणि तिथे धरून पुढे-मागे हलवायचा. झोपल्यावर हाताचं वजन डेल्टॉइडला उचलावं लागत नाही, म्हणून तो पुन्हा कामाला लागतो. ते जमलं की हातात हलकं वजन, मग पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, मग अजून उभं, शेवटी बसून. दिवसातून तीन-चार वेळा, सलग तीन महिने. तीन आठवडे करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. सबस्कॅप्युलरिस गेलेला असेल तर मात्र यश कमी मिळतं, हे आधीच सांगून ठेवते.

आता शस्त्रक्रिया. लहान कामांपासून सुरुवात करते.

दुर्बिणीतून आतली सुजलेली, लोंबणारी ऊती साफ करणं आणि बायसेप्सचा लांब टेंडन सोडवणं, हे सगळ्यात छोटं ऑपरेशन. कफ नसताना बायसेप्सचा हा टेंडन चेपला जाऊन भयंकर दुखतो, आणि तो कापला की रात्रीचं दुखणं बऱ्याच जणांचं आश्चर्यकारक कमी होतं. दंडावर थोडा गोळा दिसतो, कधी पेटके येतात. पासष्टीच्या माणसाला त्याचं सहसा काही वाटत नाही, तरुणाला वाटलं तर टेंडन खाली हाडाला शिवून टाकता येतो. ताकद यातून मिळत नाही. ज्याला दुखणं नको आहे आणि ज्याचा हात आधीच बऱ्यापैकी वर जातो, त्याच्यासाठी हे आहे. एक इशारा: ‘जागा करतो’ म्हणून छताचं हाड तासून पुढचा बंध कोणी कापायला निघालं तर थांबवा. कफ नसताना तेच छत गोळ्याला पुढे-वर निसटण्यापासून अडवत असतं.

याच टप्प्यावर जमेल तेवढं शिवता येतं. सगळं भोक बुजवायचं नाही, पण मागचा आणि पुढचा काठ हाडाला परत बसवून तोल आणायचा. अमेरिकेतले डॉ. स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९०च्या दशकात हा विचार पुढे आणला. मला तो पटला, पण थोडी ठेच लागल्यावर. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईंचा असाच टेंडन मोठ्या हट्टाने ओढून, ताणून पूर्ण शिवला होता. सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर शिवलेलं सगळं उसवलेलं. मी खजील, आणि बाई खूश, दुखत नाही म्हणून. मला वाटलं आपल्याच हातून झालं. मग २००४ मधला एक अमेरिकन अभ्यास वाचला: दुर्बिणीतून शिवलेल्या मोठ्या फाटींच्या १८ रुग्णांपैकी १७ जणांची फाट वर्षभरात पुन्हा उघडलेली होती, तरी बहुतेकांना बरं वाटत होतं. मात्र त्यांच्यातल्या काहींचं हे सुख दुसऱ्या वर्षी ओसरलं. तेव्हापासून ताण देऊन शिवणं मी बंद केलं. सहज येतं तेवढंच शिवते.

बलूनबद्दल तुम्ही खास विचारलंय. छताचं हाड आणि गोळा यांच्यामध्ये सलाइन भरलेला फुगा ठेवायचा, तो गोळ्याला खाली दाबून ठेवतो, काही महिन्यांत सैल पडतो आणि साधारण वर्षभरात विरघळतो. कल्पना सुरेख आहे, ऑपरेशन छोटं आहे, म्हणून सगळ्यांना मोह पडतो. पण ब्रिटनमध्ये ११७ रुग्णांवर नीट तुलना झाली. काहींची फक्त सफाई, काहींची सफाई आणि बलून. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर बलून न घातलेल्यांचा खांदा जास्त बरा होता. फायदा दिसण्याची आशा नाही म्हणून अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला होता. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या दुसऱ्या तुलनेत बलून अर्धवट शिवण्याच्या तोडीचा ठरला, त्यामुळे काही सर्जन निवडक रुग्णांत तो वापरतात. मी वापरत नाही. कोणी सुचवला तर ‘नुसत्या सफाईपेक्षा याने माझ्या वडिलांना जास्त काय मिळेल?’ एवढं विचारा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सांध्याच्या वरच्या बाजूला नवं छप्पर शिवणं. जपानचे डॉ. तेरुहिसा मिहाता यांनी मांडीवरचा जाड पडदा काढून तो खोबणीच्या काठापासून गोळ्यापर्यंत ताणून बसवायची पद्धत रूढ केली, तिचे निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पडदा ६ ते ८ मिलिमीटर जाड असावा, असा त्यांचा आग्रह. इतर ठिकाणी दात्याची प्रक्रिया केलेली त्वचा वापरली जाते, ती पातळ पडते आणि त्यांच्याइतके चांगले निकाल सगळ्यांना मिळालेले नाहीत. सांधा झिजलेला नको, डेल्टॉइड हवा, सबस्कॅप्युलरिस शाबूत किंवा जोडता येणारा हवा, आणि सहा आठवडे हात बांधून ठेवायची तयारी हवी. इतकं सगळं जुळणारे लोक माझ्याकडे वर्षाला मोजकेच येतात.

स्नायू बदलून लावण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण वडिलांचा हात बाहेर फिरत नसेल आणि सांधा चांगला असेल तर हा पर्याय कोणी तुमच्यापुढे ठेवलेलाच नाही. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू मूळ जागेवरून सोडवून कफच्या जागी लावायचा, हे स्वित्झर्लंडचे डॉ. क्रिस्तियान गेर्बर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. हा स्नायू जन्मभर हात खाली आणि आत ओढत आलेला. आता त्याला बरोबर उलटं काम सांगायचं! काही जणांचा मेंदू हे चार महिन्यांत शिकतो, काहींचा वर्षभरातही शिकत नाही. म्हणून अलीकडे ट्रॅपेझियसचा खालचा भाग वापरण्याकडे कल वाढला आहे. त्याची ओढ इन्फ्रास्पायनेटसच्याच दिशेची असते, फक्त तो आखूड पडतो म्हणून मध्ये दुसऱ्या टेंडनचा तुकडा जोडावा लागतो. दोन्हींत सबस्कॅप्युलरिस शाबूत असावा लागतो आणि माणूस चिकाटीचा लागतो. पन्नाशीतल्या, अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला मी हा पर्याय आधी सांगते. ६४ हे वय सीमेवरचं. माणूस किती धडधाकट आहे, यावर ते झुकतं.

आणि उरला उलटा सांधा. उलटा म्हणजे खोबणीच्या जागी गोळा आणि गोळ्याच्या जागी वाटी. १९७०च्या दशकात असे प्रयत्न झाले होते, पण फिरण्याचा मध्य हाडापासून लांब राहायचा आणि खोबणीतला भाग हलायला लागायचा. फ्रान्समधल्या दिजों शहरातले डॉ. पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये तो मध्य हाडाच्या पृष्ठभागावरच आणला आणि दंडाचं हाड थोडं खाली सरकवलं. त्यामुळे डेल्टॉइडला जास्त तरफ मिळाली, तो ताणला गेला आणि कफ नसतानाही एकटा हात उचलू लागला. सांधा झिजलाय, हात ताकदीअभावी खांद्यापर्यंतही येत नाही आणि वय सत्तरीकडे झुकलंय, अशा माणसाला याच्याइतका भरवशाचा पर्याय आज दुसरा नाही. दुखणं जातं, हात डोक्यापर्यंत पोचतो, आणि दहा वर्षांनीही दहापैकी नवांहून अधिक सांधे जागेवर असतात.

मग सगळ्यांनाच का नको? एक तर मागे फिरता येत नाही. गोळ्याचं हाड कापलेलं असतं. बिघडला तर दुरुस्तीचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. सांधा निखळणं, जंतुसंसर्ग, छताच्या हाडाला ताणामुळे तडा जाणं, हे धोके थोडे पण खरे आहेत. जड वजन उचलण्यावर कायमची मर्यादा येते आणि हात पाठीमागे नेणं कित्येकांना कठीण जातं. मागचा टेरेस मायनर हा छोटा स्नायूही गेलेला असेल, तर हात वर जाईल पण बाहेर फिरणार नाही. तेव्हा सोबत स्नायूही बदलून लावावा लागतो. आणि माझ्या ओपीडीत नाराज होऊन येणारे बहुतेक जण एकाच प्रकारचे: ऑपरेशनआधी ज्यांचा हात बऱ्यापैकी वर जात होता आणि तक्रार फक्त दुखण्याची होती. त्यांना मिळालं त्यापेक्षा गेलं जास्त, असं वाटतं.

तेव्हा वडिलांपुरतं बोलायचं तर असं. भुलीचं औषध टोचल्यावर हात वर गेला आणि एक्स-रेत झीज नसेल, तर तीन महिने व्यायाम, आणि रात्रीचं दुखणं तरीही छळत असेल तर सफाई, बायसेप्स सोडवणं आणि सहज येईल तेवढं शिवणं. हात वर जातो पण बाहेर फिरत नाही आणि सबस्कॅप्युलरिस चांगला असेल, तर स्नायू बदलण्याबद्दल ते काम नेहमी करणाऱ्याचं मत घ्या. हात कशानेच उचलत नसेल आणि सांधा झिजला असेल, तर पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं मी उचलून धरेन, वय ६४ असलं तरी. यांपैकी कशातच नीट न बसणारे रुग्णही असतात, तिथे प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी बोलणार नाही.

पुढच्या भेटीला नुसता रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी आणि नवा एक्स-रे न्या. मधुमेह असेल तर साखरेचे आकडे, आणि विडी-सिगारेट असेल तर तेही स्पष्ट सांगा, दोन्हींमुळे शिवलेलं भरून यायला अडचण होते. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख नक्की सांगा. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे मी तेवढं थांबते. इंजेक्शन किती झाली, शेवटचं कधी, आणि वर सांगितलेल्या घास-कोपराच्या तपासणीत काय दिसलं, हे कळवलंत तर मला आणखी नेमकं बोलता येईल.